आवाजावरचा विश्वास

१९३७ च्या मे महिन्यापासून अमेरिकेत दर रविवारी रात्री आठ वाजता एक शब्दभ्रमकार आपल्या बाहुलीला घेऊन नभोवाणीवर येत असे. त्याचे नाव एडगर बर्गन आणि बाहुलीचे चार्ली मॅकार्थी. शब्दभ्रम ही खरे तर डोळ्यांसाठी असलेली कला. ओठ हलू न देता बाहुलीला बोलते करायचे, यातच तिची सारी करामत. जिथे ओठ दिसत नाहीत आणि बाहुलीही दिसत नाही, तिथे या खेळाला अर्थ तो काय, असे कोणीही विचारील. परंतु त्या काळातील सर्वांत लोकप्रिय कार्यक्रमांत याची गणना होत असे. श्रोत्यांच्या लेखी चार्ली खराच होता. तो उद्धट होता, हजरजबाबी होता, आणि आपल्या धन्याची भर सभेत फजिती करीत होता. आवाज कानी पडला की ऐकणारा त्याला आपल्या पदरचा देह देतो, चेहरा देतो, आणि एकदा दिला की सहसा परत घेत नाही. नभोवाणीचे सामर्थ्य यात आहे आणि तिचा धोकाही यातच आहे, असे आम्हांस वाटते.

त्या काळातील अनेक कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणे आज उपलब्ध आहेत. गेल्या पावसाळ्यात आम्ही ती ओळीने ऐकली. बहुधा रात्री आणि दिवा मालवून, कारण ती तशीच ऐकावयाची असतात. त्यांतील तीन श्रुतिका आणि एका धर्मगुरूची भाषणे यांविषयी वाचकांपाशी मन मोकळे करावे, एवढाच या लेखाचा हेतू. श्रुतिकांविषयी लिहिताना आनंद आहे. धर्मगुरूविषयी लिहिताना तसा नाही. परंतु त्याला वगळून लिहिले तर तो अप्रामाणिकपणा ठरेल.

प्रथम थोडी पार्श्वभूमी सांगितली पाहिजे. १९२० च्या २ नोव्हेंबर रोजी पिट्सबर्ग येथील केडीकेए केंद्राने अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल ध्वनिक्षेपित केले आणि अमेरिकेत नभोवाणीचे युग सुरू झाले, असे सामान्यतः मानले जाते. पुढे दोनच वर्षांनी, १९२२ च्या ऑगस्टमध्ये, न्यूयॉर्कच्या डब्ल्यूईएएफ केंद्राने घरे बांधणाऱ्या एका कंपनीला पैसे घेऊन बोलण्यासाठी वेळ दिला. वेळ ही विकण्याची वस्तू झाली ती तेव्हापासून. १९२६ च्या नोव्हेंबरमध्ये एनबीसी, १९२७ मध्ये सीबीएस आणि १९३४ मध्ये म्युच्युअल अशी जाळी विणली गेली. न्यूयॉर्कमध्ये एकाने उच्चारलेले वाक्य टेलिफोनच्या तारांवरून शेकडो केंद्रांना पोहोचू लागले आणि तेथून घराघरांत शिरू लागले. ब्रिटनमध्ये यासाठी लोकांकडून परवाना शुल्क घेतले गेले. अमेरिकेत खर्च साबणवाल्यांनी, कॉफीवाल्यांनी आणि दंतमंजनवाल्यांनी उचलला. दुपारच्या कौटुंबिक मालिकांना ‘सोप ऑपेरा’ हे नाव पडले ते यामुळेच. आपल्या दूरचित्रवाणीवरील मालिकांनाही आपण आज तेच नाव देतो, पण त्यातला साबण कोणाच्या ध्यानात राहिलेला नाही. ‘मा पर्किन्स’ ही अशी मालिका १९३३ पासून १९६० पर्यंत चालली. तिचे सात हजारांहून अधिक भाग झाले आणि त्या सर्व वर्षांत व्हर्जिनिया पेन या एकाच अभिनेत्रीने त्या विधवा वृद्धेला आवाज दिला. मालिका सुरू झाली तेव्हा ती स्वतः अवघी तेवीस वर्षांची होती. हे कळूनही ऐकताना आमच्या डोळ्यांपुढे पांढऱ्या केसांची म्हातारीच येत राहिली.

आवाजाचे हे सोंग नेहमीच असे निरुपद्रवी नव्हते. १९२८ मध्ये शिकागोत सुरू झालेला आणि १९२९ पासून एनबीसीवर गाजलेला ‘एमॉस अँड अँडी’ हा कार्यक्रम म्हणजे दोन गोऱ्या नटांनी, फ्रीमन गॉस्डेन आणि चार्ल्स कॉरेल यांनी, काढलेले कृष्णवर्णीय माणसांचे आवाज. तो लागण्याच्या वेळी चित्रपटगृहे चित्रपट थांबवून प्रेक्षकांना नभोवाणी ऐकवीत. ‘पिट्सबर्ग कुरियर’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राने १९३१ मध्ये त्याविरुद्ध सह्यांची मोहीम काढली; कार्यक्रम चालूच राहिला. रंगभूमीवर चेहऱ्याला काजळी फासावी लागे. येथे तीही गरज उरली नव्हती.

या बाजारात कला कोठून आली, असा प्रश्न पडतो. उत्तर मोठे गमतीचे आहे. जी वेळ कोणीही विकत घेतली नाही, त्या वेळेत ती आली. मोठ्या कार्यक्रमासमोरचा तास प्रायोजकाला नको असे. मग तो तास रिकामा ठेवण्यापेक्षा लेखकांच्या हवाली केला जाई. सीबीएसने १९३६ मध्ये सुरू केलेली ‘कोलंबिया वर्कशॉप’ ही श्रुतिकांची प्रयोगशाळा अशीच जन्मली, आणि ऑर्सन वेल्सच्या ‘मर्क्युरी थिएटर’ला रविवारचा तास मिळाला तोही चार्ली मॅकार्थीसमोर कोणी टिकत नसल्यामुळे.

आमच्या मते या सबंध कालखंडातील सर्वांत मोठी कृती म्हणजे कवी आर्चिबाल्ड मॅक्लीश यांची ‘द फॉल ऑफ द सिटी’ ही पद्य श्रुतिका. ११ एप्रिल १९३७ रोजी ‘कोलंबिया वर्कशॉप’ने ती सादर केली. लांबी अवघी अर्ध्या तासाची. न्यूयॉर्कमधील सैनिकी कवायतीच्या एका प्रचंड दालनात, विद्यार्थ्यांचा मोठा जमाव गोळा करून, ती प्रत्यक्ष बोलली गेली. गर्दीचा खरा घोंगाट तिच्यात आहे; स्टुडिओत चार माणसांनी काढलेला नाही.

कथा अशी : एका नगराच्या चौकात लोक जमले आहेत. थडग्यातून उठलेली एक स्त्री भाकीत सांगते की, धनी नसलेले हे नगर धनी पत्करील. मग दूत येतो. विजेता जवळ आला आहे. एक वक्ता अप्रतिकाराचा उपदेश करतो, आणि तो इतक्या सुंदर शब्दांत करतो की लोक नाचू लागतात. दुसरा दूत येतो. आता पुरोहित पुढे होतात आणि देवांकडे वळा म्हणतात. भीतीने वेडावलेला जमाव एका मुलीचा बळी द्यायला निघतो. सेनापती त्यांना आवरतो, लढा म्हणतो. त्याचे कोणी ऐकत नाही. अखेरीस चिलखत घातलेला विजेता एकटाच चौकात येतो. सारे नगर भुईवर पालथे पडलेले, तोंडे झाकलेली. तो शिरस्त्राणाचा पडदा वर करतो, आणि आत कोणी नाही. चिलखत रिकामे आहे. ही गोष्ट एकट्यालाच दिसते, निवेदकाला. लोक मात्र धनी मिळाल्याच्या आनंदाने गर्जना करीत असतात.

निवेदकाचे काम एकवीस वर्षांच्या वेल्सने केले. ग्रीक नाटकातील वृंद किंवा आपल्याकडचा सूत्रधार जे करतो ते येथे नभोवाणीचा निवेदक करतो; आणि श्रोत्यांना तो रोजच्या ओळखीचा असल्यामुळे त्याच्यासाठी वेगळी सबब शोधावी लागत नाही, ही मॅक्लीश यांची फार मोठी सूझ. तो कोणाची बाजू घेत नाही, उपदेश करीत नाही. जे दिसते ते सांगतो. जसजसे संकट जवळ येते तसतसा त्याचा आवाज खाली उतरत जातो, आणि चिलखत रिकामे असल्याचे तो जवळजवळ कुजबुजत सांगतो. त्या कुजबुजीने आमच्या अंगावर काटा आला. उणीव दाखवायचीच तर वक्ता आणि सेनापती यांची भाषणे दाखविता येतील. ती भारदस्त आहेत, परंतु एकाच साच्यातून काढलेली वाटतात; कवी तेथे श्रोत्यांशी बोलत नाही, व्यासपीठावर चढतो. पुरोहितांच्या प्रवेशाविषयी आमच्यासारख्याने काय बोलावे? तो प्रवेश आम्हांला बोचला. तो खोटा आहे असे मात्र आम्हांस म्हणवत नाही.

यानंतर दीड वर्षाने, ३० ऑक्टोबर १९३८ रोजी, वेल्सने एच. जी. वेल्स यांच्या १८९८ च्या कादंबरीवरून ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ सादर केले. संहिता हॉवर्ड कॉक यांची. या श्रुतिकेने सारा देश घाबरून रस्त्यावर आला, ही कथा वाचकांनी ऐकलीच असेल. ती बरीचशी वृत्तपत्रांनी फुगविलेली आहे. नभोवाणीने जाहिराती पळविल्यामुळे वृत्तपत्रे तिच्यावर आधीच रुष्ट होती. त्या रात्री टेलिफोनवरून झालेल्या पाहणीत शंभरांतील सुमारे दोघेच ही श्रुतिका ऐकत असल्याचे आढळले. बहुतेक जण नेहमीप्रमाणे बाहुलीचे बोलणे ऐकत होते. घाबरणारे होते, हे खरे. प्रिन्स्टनचे मानसशास्त्रज्ञ हॅडली कँट्रिल यांनी १९४० मध्ये त्यांच्यावर पुस्तक लिहिले. घाबरलेल्यांपैकी काहींना हल्ला मंगळावरून नव्हे, जर्मनीकडून झाला असे वाटले होते. महिन्याभरापूर्वीच म्युनिकचा पेचप्रसंग होऊन गेला होता आणि चालू कार्यक्रम मध्येच तोडून बातमी देण्याची सवय श्रोत्यांच्या कानांना तेव्हाच लागली होती.

दंतकथा बाजूला ठेवून श्रुतिका म्हणून ती ऐकली तर काय दिसते? पहिला भाग निर्दोष आहे. हॉटेलमधील नृत्यसंगीत लागते, कंटाळा येईपर्यंत वाजत राहते, मध्येच निवेदक क्षमा मागून बातमी सांगतो, पुन्हा संगीत. हा कंटाळा वेल्सने मुद्दाम पेरलेला आहे. फ्रँक रीडिक या नटाने वार्ताहर फिलिप्सचे काम केले. हिंडेनबुर्ग हे हवाई जहाज १९३७ मध्ये पेटून कोसळले तेव्हा तेथे हजर असलेल्या हर्बर्ट मॉरिसन या वार्ताहराच्या विलापाचे ध्वनिमुद्रण ऐकून त्याने आपला आवाज घडविला होता. फिलिप्स बोलत असतानाच त्याचा आवाज तुटतो आणि काही सेकंद काहीच ऐकू येत नाही. नभोवाणीवर शांततेइतके भयंकर काही नाही. रंगमंचावर नट गप्प राहिला तरी दिसत असतो. येथे आवाज थांबला की माणूसच नाहीसा होतो. चाळीसएक मिनिटांत परग्रहवासी उतरतात, सैन्य जमते, मोडते आणि न्यूयॉर्क पडते. तरीही घाई जाणवत नाही.

उत्तरार्ध मात्र पडेल आहे. वाचलेला प्राध्यापक एकटाच भटकत आपली कहाणी सांगतो, आणि जी श्रुतिका आतापर्यंत घडत होती ती आता नुसती वाचली जाते. शेवटी वेल्स श्रोत्यांना सांगतो की, ही हॅलोविनची गंमत होती, चादर पांघरून ‘भो’ करण्यासारखी. आम्हांला हे समाधान पुरेसे वाटत नाही. वेल्सने अधिकाराचे सारे आवाज वापरले : शास्त्रज्ञाचा, लष्करी अधिकाऱ्याचा, आणि गृहखात्याच्या मंत्र्याच्या नावाखाली जवळजवळ हुबेहूब अध्यक्ष रूझवेल्ट यांचा. मॅक्लीश यांच्या निवेदकाने चिलखत रिकामे असल्याचे सांगितले. वेल्सने रिकाम्या चिलखतातून बोलून दाखविले, आणि ते किती सोपे आहे हे त्यालाही बहुधा तेव्हाच कळले.

तिसरी श्रुतिका आकाराने लहान आणि रचनेने सर्वांत रेखीव. ल्युसिल फ्लेचर यांची ‘सॉरी, राँग नंबर’ २५ मे १९४३ रोजी सीबीएसच्या ‘सस्पेन्स’ या मालिकेत झाली. मिसेस स्टीव्हन्सन ही अंथरुणाला खिळलेली स्त्री नवऱ्याला टेलिफोन लावते आणि तारा अडकून तिला दोन पुरुष एका स्त्रीच्या खुनाचा बेत करताना ऐकू येतात. अर्धा तास ती ऑपरेटरला, पोलिसाला, ज्याला मिळेल त्याला हे सांगत राहते. कोणी खरे मानीत नाही. अॅग्नेस मूरहेड यांनी तिला जो आवाज दिला आहे तो चिरका, हट्टी, तक्रारखोर आहे; आपल्याला तिचा राग येतो. पोलिसाला येतो तसाच. आपणही तिच्यावर विश्वास ठेवीत नाही आणि खुनी जिना चढून वर येईपर्यंत आपण चुकलो हे आपल्याला कळत नाही. १९४८ मध्ये यावर चित्रपट निघाला. त्याला नवरा दाखवावा लागला, त्याची कारणे दाखवावी लागली, बार्बरा स्टॅनविकचा देखणा चेहरा दाखवावा लागला. जे दाखविले त्या मानाने बरेच निसटले.

आवाजावर भाबडेपणाने विश्वास ठेवणारे नगर एकीकडे, आणि खऱ्या आवाजाकडे कान बंद करणारे नगर दुसरीकडे. चेहरा न पाहता नुसता आवाज ऐकण्याची आम्हां धर्मगुरूंना सवय असते; जाळीपलीकडून येणारा आवाज खरा मानूनच आम्ही पापनिवेदन ऐकतो. आणि प्रवचनपीठावर उभे राहिले की ध्वनिक्षेपकातून परत येणारा स्वतःचा आवाज गोड लागतो, हेही कबूल केले पाहिजे. म्हणूनच फादर चार्ल्स कॉफलिन यांची भाषणे ऐकताना आम्हांला स्वस्थ बसवले नाही.

फादर कॉफलिन हे मिशिगन राज्यातील रॉयल ओक या डेट्रॉइटजवळच्या गावचे प्रमुख धर्मगुरू. बाळ येशूच्या संत तेरेजाच्या नावाने त्यांनी तेथे चर्च उभारले. कू क्लक्स क्लॅन या कॅथलिकद्वेष्ट्या संघटनेने चर्चच्या आवारात क्रूस जाळला, असे सांगितले जाते. १९२६ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी डब्ल्यूजेआर केंद्रावरून बोलण्यास आरंभ केला. सुरुवातीचे कार्यक्रम मुलांच्या धर्मशिक्षणाचे होते. १९३० मध्ये सीबीएसने त्यांना आपल्या जाळ्यावर घेतले. मंदी आली होती, बँका बुडत होत्या, आणि हा धर्मगुरू गरिबांच्या बाजूने, पोपमहोदयांच्या कामगारविषयक परिपत्रकांचा आधार घेऊन बोलत होता. ती जुनी भाषणे ऐकताना आमची मान नकळत डोलली. आवाज ऊबदार आहे, किंचित आयरिश वळणाचा; तो ‘र’ घोळवतो, शब्द लांबवितो, आणि शेजारी बसून आपल्याच घरची अडचण सांगतो आहे असा भास होतो.

सीबीएसने भाषणे आधी दाखविण्याची मागणी केली. १९३१ मध्ये करार संपला तो पुन्हा झाला नाही. एनबीसी धर्मासाठी वेळ विकत नसे; ती फुकट देई. १९३० च्या मार्चमध्ये तिच्यावर सुरू झालेल्या ‘कॅथलिक अवर’मध्ये फुल्टन शीन यांचा आवाज पुढे वर्षानुवर्षे घुमला. फादर कॉफलिन यांनी श्रोत्यांच्या देणग्यांवर निरनिराळ्या केंद्रांची वेळ विकत घेतली आणि स्वतःचेच जाळे उभे केले. ज्या देशात साबण वेळ विकत घेऊ शकत होता तेथे धर्मगुरूला कोण अडविणार? लक्षावधी लोक ऐकू लागले. त्यांचा रूझवेल्ट यांना असलेला पाठिंबा विरोधात बदलला. १९३६ च्या निवडणुकीत त्यांनी वेगळा उमेदवार उभा केला आणि तो पडला. त्याच ऑक्टोबरमध्ये मॉन्सिन्योर जॉन रायन या धर्मगुरूंनी नभोवाणीवरूनच त्यांना उत्तर दिले. १९३८ मध्ये कॉफलिन यांच्या ‘सोशल जस्टिस’ या साप्ताहिकाने ज्यूंविरुद्धचा ‘प्रोटोकॉल्स’ हा बनावट दस्तऐवज छापला. डिसेंबरमध्ये शिकागोचे कार्डिनल मंडेलाइन यांनी जाहीर केले की, ख्रिस्तसभेच्या वतीने बोलण्याचा अधिकार या गृहस्थांना नाही. डेट्रॉइटचे बिशप गॅलाघर हयात होते तोवर, म्हणजे १९३७ पर्यंत, त्यांनी मात्र कॉफलिन यांना पाठीशी घातले होते. हे विसरून चालणार नाही. १९३९ मध्ये प्रक्षेपकांच्या संघटनेने वादग्रस्त विषयांवरील भाषणांना वेळ विकू नये असा नियम केला आणि १९४० मध्ये ते नभोवाणीवरून गेले. १९४२ मध्ये आर्चबिशप मूनी यांनी साप्ताहिकाशी असलेला त्यांचा संबंधही तोडायला लावला. त्यांनी आज्ञा पाळली. १९६६ पर्यंत ते त्याच चर्चमध्ये प्रमुख धर्मगुरू होते, मिस्सा करीत होते, मुलांचे बाप्तिस्मे करीत होते. १९७९ मध्ये त्यांचे निधन झाले.

नभोनाट्य त्याआधीच गेले होते. ३० सप्टेंबर १९६२ रोजी ‘सस्पेन्स’चा शेवटचा भाग झाला आणि दूरचित्रवाणीने जागा व्यापली.

परंतु आम्हांला पुनःपुन्हा आठवते ती २० नोव्हेंबर १९३८ ची दुपार. वेल्सच्या मंगळवासीयांना जेमतेम तीन आठवडे झाले होते. जर्मनीत ९ नोव्हेंबरच्या रात्री ज्यूंची प्रार्थनामंदिरे जाळण्यात आली होती, दुकाने फोडण्यात आली होती, माणसे मारण्यात आली होती. त्यावर फादर कॉफलिन बोलले, आणि जे छळले गेले त्यांच्याच माथी त्यांनी दोष ठेवला. साम्यवाद त्यांनी आणला, हा त्याचाच परिणाम, असा त्यांचा युक्तिवाद. आवाज तोच होता. ऊबदार, घरचा. भाषण संपले, आणि न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएमसीए केंद्रावर निवेदक पुढे आला. वक्त्यांच्या भाषणात वस्तुस्थितीच्या काही चुका आहेत, असे त्याने श्रोत्यांना सांगितले. पुढच्या रविवारसाठी केंद्राने भाषण आधी मागितले. ते मिळाले नाही, म्हणून ते प्रक्षेपित झाले नाही. त्यानंतर कितीतरी आठवडे लोक त्या केंद्राच्या दाराशी फलक घेऊन निदर्शने करीत उभे राहिले. त्यांना तो आवाज परत हवा होता.